स्की बोटीचे इंजिन निवडताना या चुका टाळा

रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या जलाशयात वॉटर स्कीइंग करण्याच्या हौसेने बोट पाहायला गेलेला माणूस विक्रेत्याला सर्वांत आधी कमाल वेग विचारतो. स्कीइंगला मात्र फार वेग लागतच नाही. स्पर्धेतील स्लॅलम (बोयांना वळसे घालत जाण्याच्या) प्रकारातही पुरुषांसाठी कमाल वेग ताशी 58 किलोमीटर आणि महिलांसाठी 55 किलोमीटर असतो. नवशिक्याला 30 च्या आसपासचा वेग पुरतो. इंजिनाचा खरा कस लागतो तो पाण्यात बसलेल्या स्कीअरला वर उचलताना, म्हणजे सुरुवातीच्या काही सेकंदांत, जेव्हा बोटीचे नाक वर झालेले असते, दोरीवर ताण असतो आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोरच काय तो कामी येतो.

इंजिनाचे लिटरमधील आकारमान (सिलिंडरांची एकूण क्षमता) आणि अश्वशक्ती एकच समजण्याची चूक अधिक फसवी आहे. मर्क्युरी कंपनीची 75, 90 आणि 115 अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर बसवायची) इंजिने तिन्ही 2.1 लिटरचीच आहेत. त्यामुळे 90 वर अडून राहिल्याने बोट हलकी होत नाही, फक्त खरेदीची किंमत कमी होते. बोटीवरील पाटीवर लिहिलेली कमाल अश्वशक्ती मात्र कोणत्याही मोहापायी ओलांडू नये. इनबोर्ड (इंजिन आत असलेल्या) स्की बोटीत 5.7 लिटरचे व्ही-8 (आठ सिलिंडरचे) इंजिन घ्यावे की 6.2 लिटरचे, हा प्रश्न वजनावर ठरतो. एक स्कीअर आणि बोटीत दोन-तीन माणसे एवढाच बेत असेल, तर 5.7 लिटर पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेकबोर्डिंगसाठी (बोटीमागच्या लाटेवर एकाच फळीवर उभे राहून घसरण्यासाठी) लाट मोठी व्हावी म्हणून टाक्यांत 500 लिटर पाणी भरले, की बोट 500 किलोने जड होते. मोठ्या इंजिनाचे पैसे वसूल होतात ते तेथे.

नागपूरचे हवामानही हिशेबात धरावे लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे, आणि एवढ्या उंचीवर साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची सुमारे 3 टक्के शक्ती कमी होते. त्यात नवतपातील 45 अंशांची विरळ, तापलेली हवा मिळाली, की आणखी काही टक्के जातात. डिसेंबरच्या सकाळी दोघांनी घेतलेल्या चाचणीत फुर्तीली वाटलेली बोट मे महिन्याच्या दुपारी सहा जणांना घेऊन रखडते, ती यामुळेच. चाचणी भर उन्हात आणि पूर्ण भारानिशी घ्यावी.

बोट रखडली की इंजिन लहान पडले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा प्रोपेलरचा असतो. नेहमीचा भार घेऊन थ्रॉटल पूर्ण उघडावे आणि आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) पाहावा. तो उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या खाली राहत असेल, तर प्रोपेलरचा पिच (एका फेरीत तो जितके पुढे सरकायला हवा ते अंतर) जास्त आहे. मर्यादेच्या वर जात असेल, तर पिच कमी आहे. पिच एका इंचाने बदलला की आरपीएममध्ये साधारण 150 ते 200 चा फरक पडतो. नवा प्रोपेलर मागवण्यापूर्वी पात्यांची वाकलेली टोके, बोटीच्या तळाशी साचलेले पाणी आणि थ्रॉटलची केबल पूर्ण ओढली जाते की नाही, एवढे तपासून घ्यावे; इंजिन बदलण्याच्या खर्चापुढे हे काम किरकोळ आहे.

इंधनाच्या धास्तीने लहान इंजिन घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की 115 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ताशी सुमारे 40 लिटर जाळते, आणि लहान इंजिनाला सतत पूर्ण थ्रॉटलवरच राबवावे लागले, तर अपेक्षित बचत फारशी उरत नाही.

उन्हाळ्यात जलाशय ओसरला, की काठाजवळचा गाळ आणि पाणवनस्पती इंजिन थंड ठेवणारे पाणी आत घेणाऱ्या जाळीत अडकतात. इंजिन तापले की अनेक आधुनिक इंजिने आपली शक्ती आपोआप घटवतात आणि चालकाला इंजिनच अपुरे वाटू लागते. अशा वेळी आधी बोट थांबवून इंजिन बंद करावे, मग जाळी साफ करावी. तरीही पाण्याचा प्रवाह क्षीण राहिला, तर पंपातील रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे चाक) झिजला आहे का, ते पाहावे.