मेल परत का येतो, जागा का भरते? या चुका टाळा

उतारा बेळगावचा, वकील कोल्हापूरचा आणि हिस्सेदार भाऊ पुण्याला. सीमाभागातल्या कितीतरी घरांत कागदांची ये-जा अशीच चालते, आणि आता ती बहुतेक फुकटच्या मेलवरूनच होते. मुदतीच्या दिवशी मेल परत आला की सगळा राग नेटवर निघतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंजचा प्रश्न खराच आहे, पण मेल 'परत' आला असेल तर गडबड बहुधा पत्त्यात, फाईलमध्ये किंवा भरलेल्या खात्यात आहे.

आधी खातं बघा

जीमेलची १५ जीबी जागा एकट्या मेलची नाही. मेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटो तिघांत मिळून ती आहे. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो त्यात मोजले जातात. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता त्यातच धरला जातो. जागा संपली की नवा मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. कॉलेजने प्रवेशाचं पत्र पाठवलं होतं, हे तुम्हाला कळतसुद्धा नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे बसून शेकडो साधे मेल पुसणं. १० केबीचे दहा हजार मेल पुसले तरी जेमतेम १०० एमबी सुटतात, तेवढी जागा लग्नाच्या एका व्हिडिओने जाते. जीमेल ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टिचकी मारा. किती टक्के जागा भरली ते दिसेल, आणि त्यावर दाबलं की फोटो, ड्राइव्ह आणि मेल यांनी किती किती खाल्ली तेही कळेल. दोष मेलचाच निघाला तर संगणकावर जीमेल उघडा. शोधपट्टीच्या उजव्या टोकाला फिल्टरची खूण असते. तिथे आकार '१० एमबीपेक्षा मोठा' असा भरून शोधा. 'पाठवलेले' मेलही तपासा, कारण जोडून पाठवलेल्या फाईलची प्रत तिथे राहते आणि प्रत्येक फॉरवर्डबरोबर आणखी एक साठते. शेवटी कचरापेटी रिकामी करा. नाहीतर पुसलेले मेल ३० दिवस तिथेच पडून राहतात आणि जागा अडवतात. आकडा लगेच उतरला नाही तर घाबरू नका, एखादा दिवस लागू शकतो.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं जाऊन व्हिडिओ बंद करा. अनेकांची निम्मी अडचण इथेच मिटते.

गूगल फोटोमधलं 'फ्री अप स्पेस' हे बटण मात्र नीट समजून घ्या. ते फोनमधले फोटो काढतं, १५ जीबीतली जागा एक एमबीनेही सुटत नाही. उलट प्रत फक्त गूगलवर उरते. मग जागा भरली म्हणून तिथूनही फोटो पुसले, की दोन्हीकडून गेले.

स्कॅनिंगमध्ये फाईल फुगते

जेरॉक्सच्या दुकानात स्कॅनर कधीकधी रंगीत ६०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे एका इंचातले ठिपके) ठेवलेला असतो. २०० डीपीआयच्या मानाने त्यात ठिपके ९ पट, आणि करड्याऐवजी रंगीत म्हणून आणखी ३ पट. म्हणजे कच्चा माल २७ पट. फाईल दाबून लहान (कॉम्प्रेस) केल्यावर हा फरक थोडा घटतो, पण बारा पानांची पीडीएफ जड व्हायला तेवढा पुरेसा आहे. दुकानदाराला सरळ सांगा, 'ग्रे, दोनशे डीपीआय, सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये.' त्याच्या खाली मात्र जाऊ नका. कन्नड उताऱ्यात अक्षराच्या पोटाखाली बारीक जोडाक्षरं असतात, ती १०० डीपीआयवर एकमेकांत मिसळतात आणि हिस्सेदाराचं नाव वाचता येत नाही. शाई उडालेला जुना हस्तलिखित कागद असेल तर ३०० ठेवा.

२५ एमबी म्हणजे पूर्ण २५ नव्हे

जीमेलवर एका मेलला सगळ्या फाईली मिळून २५ एमबी जोडता येतात. पण मेलमधून जाताना फाईलचं अक्षरांत रूपांतर होतं, दर ३ बाइटचे ४ होतात. १५ एमबीची फाईल वाटेत २० एमबीच्या वर जाते. समोरच्या कार्यालयाच्या सर्व्हरने १० एमबीची मर्यादा ठेवली असेल, तर ९ एमबीची फाईलही परत येते. अशा ठिकाणी ७ एमबीच्या आत राहा. नेट १ एमबीपीएसने (सेकंदाला १ मेगाबिट) वर चढत असेल तर २५ एमबीला सुमारे साडेतीन मिनिटं लागतात, तोवर पान बंद करू नका.

२५ एमबीपेक्षा मोठी फाईल असली की जीमेल तिची ड्राइव्हची लिंक करतो. लिंक 'रिस्ट्रिक्टेड' (फक्त परवानगी दिलेल्यांसाठी) राहिली तर समोरच्याला फक्त परवानगी मागायचं पान दिसतं. आधार किंवा जमिनीचे कागद असतील तर लिंक सगळ्यांना खुली करू नका, त्या माणसाचा मेल पत्ताच 'व्ह्यूअर' (फक्त बघू शकणारा) म्हणून घाला. आणि काम होईपर्यंत मूळ फाईल ड्राइव्हवरून पुसू नका, नाहीतर लिंक मेली.

ईएक्सई, बॅट, जेएस, एपीके अशा प्रोग्रॅम किंवा ॲपच्या फाईली जीमेल अडवतो, झिपमध्ये घातल्या तरी ओळखतो. त्या अडवतो हे बरंच आहे. 'लग्नपत्रिका' नावाची एपीके व्हॉट्सॲपवर आली तर ती उघडू नका, तो पैसे लुबाडण्याचा धंदा आहे.

मेल पोचला, पण वाचता येत नाही

ही तक्रार आपल्याकडे जास्त, कारण डीटीपीवाल्याकडे मराठी श्रीलिपी आणि कन्नड नुडी या खास फॉन्टमध्ये टाईप झालेलं असतं. त्या फॉन्टची वर्ड फाईल तशीच पाठवली तर तो फॉन्ट नसलेल्या पुण्याच्या संगणकावर अक्षरांऐवजी कचरा दिसतो. दुकानातच पीडीएफ करून घ्या, फॉन्ट त्यात घालायला सांगा, आणि पैसे देण्याआधी ती स्वतःच्या फोनवर उघडून बघा. फाईलचं नाव मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत, लहान ठेवा. काही जुन्या यंत्रणांत देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.