टर्बो गाडीत नवा ईसीयू बसवताय? इंजेक्टरच्या वायरिंगमधल्या या चुका टाळा

मित्राच्या गॅरेजमधली लान्सर. मूळ इंजिन जाऊन त्या जागी मित्सुबिशीचं ४जी६३ टर्बो बसलेलं, गाडी फक्त ड्रॅग रेसिंगची, रस्त्यावर न येणारी. नवा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जोडून झाला. रेलमधून (इंजेक्टरना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीतून) पेट्रोल गळतंय का ते बघायला पंपाच्या रिलेला जंपर देऊन दोन-तीन मिनिटं पंप चालू ठेवला. गळती नाही, सगळे खूश. सेल्फ मारला आणि इंजिन अर्ध्या फेरीतच खाडकन थांबलं.

बॅटरी बसली, असं तिघांचं एकमत झालं. एकजण जंप-स्टार्टच्या केबल आणायला निघालासुद्धा. मी म्हटलं, आधी स्पार्क प्लग काढू. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं तर भोकातून पेट्रोलची पिचकारी उडाली. दुसरी बॅटरी लावून जोर दिला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

कारण अगदीच किरकोळ होतं. तिसऱ्या इंजेक्टरची (पेट्रोल फवारणाऱ्या व्हॉल्व्हची) ट्रिगरची, म्हणजे ईसीयूकडे जाणारी, वायर इनटेकच्या ब्रॅकेटखाली चेपली गेली होती आणि तिचं तांबं ब्रॅकेटला टेकलं होतं. हे का घडलं ते ज्याला कळलं, त्याच्या पुढच्या निम्म्या चुका टळतात. इंजेक्टरला प्लस कायमचा मिळतो, चावी ऑन केली की रिलेमधून सरळ. ईसीयू प्लस देत नाही, तो अर्थिंग म्हणजे मायनस देतो. त्यामुळे ट्रिगरची वायर बॉडीला कुठेही टेकली की इंजेक्टर उघडतो आणि उघडाच राहतो. ईसीयूला त्याचा पत्ताही नसतो. ५६० सीसीचा इंजेक्टर मिनिटभर उघडा राहिला की ५६० सीसी पेट्रोल आत, आणि ४जी६३चा एक सिलिंडर असतो जेमतेम ५०० सीसीचा. म्हणून गळती तपासताना इंजेक्टरच्या वायरींचे प्लग काढून ठेवायचे. चारही.

आता मुख्य दुखणं: करंट कमी करणारा रेझिस्टरचा डबा.

जुन्या जपानी टर्बो गाड्यांत, ४जी६३ असो की निस्सानचं आरबी२६, लो-इम्पीडन्स, म्हणजे कमी ओहमचे, इंजेक्टर असायचे. ४जी६३चा इंजेक्टर मोजला तर २ ते ३ ओहम भरतो. १४ व्होल्टला अडीच ओहम म्हणजे साडेपाच अँपिअर, एवढा करंट साध्या ड्रायव्हरला, म्हणजे ईसीयूमधल्या इंजेक्टर चालू-बंद करणाऱ्या स्विचला, झेपत नाही. म्हणून कंपनीनेच प्लसच्या वाटेवर एक रेझिस्टर पॅक बसवलेला असतो. एक वायर आत, चार बाहेर, प्रत्येक वाटेवर साधारण ६ ओहम. मग हिशोब होतो साडेआठ ओहम आणि १.६५ अँपिअर. कारखान्यात हे गणित नीट जुळवलेलं असतं. आपण ईसीयू बदलतो किंवा इंजेक्टर बदलतो, आणि डबा तसाच राहतो. किंवा डबा जातो आणि बाकी तसंच राहतं.

यातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे लो-इम्पीडन्स इंजेक्टर, साध्या म्हणजे सॅच्युरेटेड ड्रायव्हरचा ईसीयू, आणि ‘काय तो जुना डबा’ म्हणून काढून टाकलेला रेझिस्टर. काही ईसीयू स्वतःला वाचवून आउटपुट बंद करतात, काही धूर सोडतात. गाडी पाच मिनिटं छान चालते, ड्रायव्हर तापतो आणि एक सिलिंडर मिसिंग मारायला लागतो. थंड झाली की परत ठीक. अशी तक्रार आली की लोक कॉइल बदलतात, प्लग बदलतात. ईसीयूवर हात ठेवून बघत कोणीच नाही.

उलटी चूक जास्त फसवी आहे. नवे १२ ओहमचे हाय-इम्पीडन्स इंजेक्टर घेतले आणि डबा मध्ये तसाच ठेवला. आता वाटेवर १८ ओहम झाले, करंट पाऊण अँपिअरच्या आसपास. जळत काहीच नाही, गाडी चालतेही. पण इंजेक्टर रडतखडत उघडतो. सकाळी थंड इंजिनला सेल्फ मारताना बॅटरी ९-१० व्होल्टवर येते, तेव्हा तर उघडायचं नावच घेत नाही. मालक सांगतो, ‘दुपारी एका सेल्फमध्ये लागते, सकाळी घाम काढते.’ हाय-इम्पीडन्स लावले की डबा काढायचा आणि त्या चार वायरी प्लसच्या वायरीला एकत्र जोडायच्या. एवढंच काम आहे.

तिसरी चूक जास्त पैसे खर्च करणाऱ्यांची. पीक-अँड-होल्ड ड्रायव्हरचा ईसीयू घेतला, जो ४ अँपिअरचा दणका देऊन इंजेक्टर उघडतो आणि मग १ अँपिअरवर धरून ठेवतो. त्याच्या आड जुना डबा ठेवला तर करंट १.६५च्या वर जाणारच नाही. ज्यासाठी पैसे मोजले तो दणका बसतच नाही. तिथेही डबा काढायचा.

तुमच्याकडे नक्की काय आहे ते डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. ईसीयूचा मोठा प्लग काढा. मीटर ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. स्वस्त मीटरमध्ये तिथेच ०.३-०.४ ओहम दिसतात, ते पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचे. २ ओहमच्या इंजेक्टरमध्ये तो फरक मोठा असतो. मग एक प्रोब रिलेकडून येणाऱ्या प्लसच्या वायरीवर (डबा असेल तर त्याच्या आधी) आणि दुसरी प्लगमधल्या एकेका ट्रिगर पिनवर. डब्यासह लो-इम्पीडन्स असेल तर साडेआठच्या आसपास, डब्याशिवाय अडीच, हाय-इम्पीडन्स असेल तर १२ ते १६. चारही आकडे अर्ध्या ओहमच्या आत यायला हवेत. एक जरी वेगळा आला तर बहुधा त्या वायरीत कुठेतरी क्रिंप (दाबून बसवलेला जोड) ढिली आहे किंवा तांबं हिरवं पडलंय. शेवटी इंजेक्टरचे प्लग काढून प्रत्येक ट्रिगर पिन बॉडीशी मोजा, तिथे मीटरने कसलंही कनेक्शन दाखवायला नको. या शेवटच्या मापाला अर्धं मिनिट लागतं. आमच्या लान्सरवर ते कोणी घेतलं नव्हतं.

इंजेक्टर चालतो का बघायला बॅटरीवरून सरळ १२ व्होल्ट देणारे मेकॅनिक भरपूर आहेत. टक-टक आवाज ऐकायला छान वाटतो. लो-इम्पीडन्सला असं धरून ठेवलं तर कॉइल भाजू शकते. आणि ईसीयू जोडलेला असताना ट्रिगरच्या वायरीला प्लस लावलात, तर ड्रायव्हरवर पाणी सोडा. त्यापेक्षा एलईडीचा नॉइड लाइट (इंजेक्टरच्या प्लगमध्ये लावायचा टेस्ट-दिवा) वापरावा. इंजेक्टरच्या दोन पिनांत मात्र प्लस-मायनस असा भेद नसतो, त्या उलटसुलट झाल्या तर बिघडत काही नाही.

वायरिंग बदललं की डेड टाइम बदलतो, हे ट्यूनरला, म्हणजे ईसीयूत आकडे भरणाऱ्याला, सांगायचं राहून जातं. पल्स, म्हणजे ईसीयूचा उघडण्याचा इशारा, मिळाल्यापासून इंजेक्टर उघडण्यात जो वेळ वाया जातो, तो इंजेक्टरवर, ड्रायव्हरवर, मधल्या रेझिस्टरवर आणि व्होल्टेजवर ठरतो. समजा आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, पल्स अडीच मिलिसेकंद आहे आणि त्यातला एक मिलिसेकंद डेड टाइम. ईसीयूत तो आकडा ०.३ने चुकला तर खऱ्या दीड मिलिसेकंदात २० टक्के चूक झाली. फुल बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या पूर्ण दाबाला, पल्स १४ मिलिसेकंद असते, तिथे हीच चूक जेमतेम सव्वादोन टक्के. म्हणून डायनोवर (इंजिनची ताकद मोजायच्या यंत्रावर) आलेख सुंदर येतो आणि सिग्नलला गाडी गचके खाते. मग ट्यूनर आयडलचे रकाने खालीवर करून ते झाकतो. रेडिएटरचा फॅन आणि हेडलाइट लागले, व्होल्टेज पडलं, की परत तेच. फॅन लागताच आयडल बिघडत असेल तर फ्युएल मॅपला, म्हणजे पेट्रोलच्या तक्त्याला, हात लावू नका, व्होल्टेजप्रमाणे डेड टाइमचा तक्ता बघा.

क्रमाची गल्लत. ४जी६३चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. काही ईसीयूंत ‘इंजेक्टर २’ म्हणजे दुसरा सिलिंडर, काहींत फायरिंगमधला दुसरा, म्हणजे तिसरा सिलिंडर. मॅन्युअल उघडून बघावंच लागतं. ही चूक झाली तरी इंजिन चालतं, हाच त्रास आहे. पेट्रोल बंद व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं, थोड्या वेळाने आत जातं, कोणाच्या लक्षात येत नाही. पण पुढे एका सिलिंडरला जास्त पेट्रोल द्यायला गेलात तर ते भलत्यालाच मिळतं. बूस्टवर असलेल्या पिस्टनशी हा जुगार खेळू नये. सॉफ्टवेअरमधून एकेक इंजेक्टर बंद करा आणि कुठला सिलिंडर पडला ते बघा.

वायर घरगुती वायरिंगची नको. तिचं पीव्हीसी टर्बोच्या शेजारी मेणासारखं मऊ होतं. ऑटोमोटिव्ह ग्रेडची ०.७५ किंवा १ स्क्वेअर एमएम पुरते. आणि सोल्डर करून वर काळी टेप, हा आपल्याकडचा लाडका प्रकार इंजिनवर चालत नाही. सोल्डर वायरीत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरीने नेमका त्याच्या काठावर तुटतो, तेही टेपच्या आत. चांगल्या हत्याराने क्रिंप करा आणि आत गोंद असलेली हीट-श्रिंक चढवा.

इंजेक्टरचा प्लस ईसीयूच्याच मेन रिलेवरून घ्या, वेगळ्या फ्यूजसह. दुसरीकडून घेतला तर कधी कधी चावी बंद केल्यावर इंजेक्टरमधून उलटा करंट ईसीयूला जिवंत ठेवतो आणि इंजिन बंद व्हायला तयार होत नाही.

त्या लान्सरचं पुढे काय झालं? चारही स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं, पेट्रोल फडक्यांनी टिपलं, गॅरेजची दोन्ही शटर उघडी टाकली, कोणालाही दिवा किंवा ग्राइंडर लावू दिला नाही. पेट्रोलने ऑइल पातळ झालं होतं, तेही फिल्टरसकट बदललं. नवी वायर ब्रॅकेटच्या वरून घेतली. तासाभराने सेल्फ मारला, तर दुसऱ्या फेरीला लागली. केबल आणायला निघालेला पोरगा तेवढ्यात परत आला आणि म्हणाला, ‘बघा, बॅटरीच होती ना?’