आलिशान गाडीसाठी हिवाळी टायर कसे निवडावेत

दोन टनांच्या आसपासचे वजन, पायाखाली सदैव तयार असलेली इंजिनाची ताकद आणि वीस इंची रिमवर चढवलेले रुंद, बुटके टायर यांमुळे आलिशान गाडी कोरड्या रस्त्यावर खुलून दिसते, पण बर्फावर नेमक्या याच गोष्टी तिला अडचणीत आणतात. अशा गाडीसाठी हिवाळी टायर निवडताना बहुतेक मालक आधी कंपनी ठरवतात, मग किंमत पाहतात आणि माप मात्र उन्हाळ्यात होते तेच ठेवतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आपण कोणत्या रस्त्यावरून जाणार आहोत हे आधी ठरवावे, त्यानंतर रिमचे माप निश्चित करावे आणि कंपनीचा विचार अगदी शेवटी करावा.

उन्हाळी टायरचे रबर तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागाला घट्ट बिलगू शकत नाही. वेगवान गाड्यांना लावले जाणारे अतिमऊ पकडीचे उन्हाळी टायर तर कडाक्याच्या थंडीत नुसते हलवले, तरी त्यांच्या रबराला तडे जाऊ शकतात. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही लवचिक राहील असे बनवलेले असते. म्हणून रस्त्यावर बर्फाचा कण नसला तरी गारठलेल्या, ओल्या रस्त्यावर त्याचा उपयोग होतोच.

मराठीत आपण दोन्हींना बर्फच म्हणतो, पण टायरच्या दृष्टीने भुसभुशीत पडलेला बर्फ आणि काचेसारखा गोठलेला बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुसभुशीत बर्फावर टायरच्या खोल खाचांमध्ये बर्फ ठासून बसतो आणि तो खालच्या बर्फाला धरतो. दोन मुठींतला बर्फ एकमेकांवर दाबल्यावर जसा एकजीव होतो तसेच हे असते, आणि ही पकड रबर व बर्फ यांच्यातल्या पकडीपेक्षा चांगली असते. गोठलेल्या बर्फावर हा उपाय चालत नाही. तिथे पृष्ठभागावरचा पाण्याचा अतिशय पातळ थर बाजूला सारावा लागतो, आणि ते काम रबरातल्या शेकडो बारीक चिरा करतात. हा थर शून्य अंशाच्या आसपास सर्वांत त्रासदायक असतो, त्यामुळे उणे २० अंशांतल्या बर्फापेक्षा शून्यावरचा वितळू लागलेला बर्फ अधिक निसरडा असतो.

यावरूनच हिवाळी टायरचे तीन प्रकार पडतात. पहिला मध्य युरोपीय किंवा आल्पाइन धाटणीचा टायर, जो मीठ टाकून साफ केलेले महामार्ग, पाऊस, चिखलमिश्रित बर्फ आणि अधूनमधून होणारी हिमवृष्टी यांसाठी असतो. तो वेगातही स्थिर राहतो आणि सुकाणूला चटकन प्रतिसाद देतो. दुसरा नॉर्डिक म्हणजे उत्तर युरोपीय धाटणीचा, खिळे नसलेला टायर. त्याचे रबर आणखी मऊ आणि चिरा अधिक असतात, त्यामुळे महिनोन्‌महिने बर्फाने झाकलेल्या रस्त्यावर तो उत्तम चालतो, पण कोरड्या डांबरावर वेगाने वळताना गाडी किंचित डुलल्यासारखी वाटते आणि पावसात थांबण्याचे अंतर वाढते. तिसरा खिळ्यांचा टायर, जो गुळगुळीत गोठलेल्या बर्फावर खरोखर कामाला येतो, पण आवाज करतो आणि रस्ता उखडतो, म्हणून जर्मनीसारख्या देशांत त्याच्या सर्वसाधारण वापराला बंदी आहे. ज्याची गाडी मुख्यतः शहरात आणि महामार्गावर फिरते आणि जो वर्षातून चार-दोन वेळाच डोंगरात जातो, त्याने आल्पाइन टायर घ्यावा. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतची वाट हिवाळाभर पांढरीच राहत असेल, तर गाडी कितीही वेगवान असो, नॉर्डिक टायरच योग्य.

टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. दाबलेल्या बर्फावर ठरावीक चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच ते मिळते. ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे मात्र केवळ टायरवरच्या खाचांच्या नक्षीवरून उत्पादक स्वतःच छापू शकतो, त्यामुळे त्यांवर विसंबू नये. जर्मनीत हिवाळी रस्त्यांवर १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त डोंगराचे चिन्हच ग्राह्य धरले जाते. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही, ती म्हणजे हे चिन्ह गोठलेल्या बर्फावरच्या पकडीची हमी देत नाही. युरोपीय संघात मे २०२१ पासून लागू झालेल्या टायरच्या लेबलवर त्यासाठी वेगळे चिन्ह असते, आणि नॉर्डिक टायर निवडताना ते शोधावे.

आता मापाकडे वळू, कारण आलिशान गाडीच्या बाबतीत सर्वाधिक चुका इथेच होतात. समजा, गाडीला २४५/३५ आर २० हे टायर आहेत, म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के आणि रिम २० इंची. त्यांची बाजूची भिंत जेमतेम ८६ मिलिमीटर उंच असते, आणि बर्फाखाली दडलेला एक खड्डा रिम वाकवायला पुरेसा असतो. त्याच गाडीला २४५/४५ आर १८ बसत असतील, तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच, म्हणजे सुमारे ६७८ मिलिमीटर राहतो, पण भिंत ११० मिलिमीटरची होते. व्यास न बदलल्यामुळे वेगदर्शक काटा चुकत नाही आणि घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा गोंधळही होत नाही. गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर याहून अरुंद माप मान्य असेल तर ते अधिक चांगले, कारण अरुंद टायर भुसभुशीत बर्फ कापत खाली जातो, तर रुंद टायर त्यावर तरंगण्याचा प्रयत्न करतो. माझा नियम साधा आहे: उत्पादकाने मान्य केलेल्या मापांपैकी सर्वांत लहान रिम घ्यावी. मात्र ती ब्रेकच्या कॅलिपरवरून, म्हणजे ब्रेकची चकती दाबून धरणाऱ्या भागावरून, जाते का हे आधी तपासावे, कारण मोठ्या ब्रेकच्या आवृत्त्यांमध्ये १८ इंची रिम बसत नाही आणि १९ वरच थांबावे लागते. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असलेल्या गाड्यांना हिवाळ्यासाठी अनेकदा चारही चाकांना एकच माप मान्य असते. बर्फावरच्या साखळ्याही काही ठरावीक मापांवरच चालतात, कारण रुंद टायर आणि चाकावरची कमान यांच्यात जागा उरत नाही.

माप लहान करताना भारांकावर, म्हणजे टायर किती वजन पेलतो हे सांगणाऱ्या आकड्यावर, तडजोड करू नये. भारांक ९९ म्हणजे एका टायरवर ७७५ किलो, १०३ म्हणजे ८७५ किलो. जड सेडान, मोठ्या एसयूव्ही आणि बॅटरीवरच्या गाड्यांना सहसा ‘एक्सएल’ म्हणजे जादा भार पेलणारे टायर लागतात. टायरची कमाल वेगमर्यादा सांगणाऱ्या अक्षराबाबत मात्र थोडी सूट असते. आल्पाइन टायर एच म्हणजे ताशी २१० किंवा व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत सहज मिळतात, नॉर्डिक बहुधा टी म्हणजे ताशी १९० किंवा त्याहून कमी. युरोपीय संघात गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी अक्षराचा हिवाळी टायर चालतो, फक्त चालकाला दिसेल असा वेगमर्यादेचा स्टिकर लावावा लागतो.

टायरवर बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीझसाठी एमओ, ऑडीसाठी एओ किंवा पोर्शेसाठी एन अशी खूण असेल, तर तो टायर त्या उत्पादकाच्या गाडीशी जुळवून घेतलेला असतो. अशी खूण असलेला टायर मिळाला तर उत्तम, पण केवळ तिच्यासाठी रस्त्याला न शोभणारा प्रकार घेऊ नये. गाडीला स्टेपनी नसेल आणि मूळ टायर पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे असतील, तर हिवाळ्यातही त्याच प्रकारचे घ्यावेत किंवा पंक्चर काढण्याचे साहित्य सोबत ठेवावे. उणे १० अंशांत, अंधारात मदतीची वाट पाहणे आरामदायी आसनांमुळे सुसह्य होत नाही.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीचे मालक हमखास म्हणतात की आम्हाला हिवाळी टायरांची गरजच काय. ती यंत्रणा गाडी जागची हलवायला आणि चढावर ओढायला मदत करते. थांबणे आणि वळणे शेवटी रबराच्या चार तळव्यांवरच अवलंबून असते, आणि वजनामुळे आलिशान गाडीला थांबवणे आणखी कठीण जाते. टायर नेहमी चारही एकाच जातीचे घ्यावेत. फक्त पुढे हिवाळी टायर लावले तर ब्रेक मारताना किंवा वळताना मागची बाजू सटकते. शिवाय चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत टायरांच्या झिजेतला मोठा फरक पुढच्या व मागच्या चाकांत शक्ती वाटणाऱ्या यंत्रणेवर ताण आणतो.

खरेदीच्या वेळी बाजूवरचे चार आकडे वाचावेत: ३८२४ म्हणजे २०२४ सालच्या ३८व्या आठवड्यात बनलेला टायर. वापरलेले टायर घ्यायचे असतील तर नक्षीची खोली मोजावी. अनेक देशांत कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत परवानगी देतो, पण ४ मिलिमीटरच्या खाली हिवाळी टायर बर्फावर नावापुरताच उरतो, आणि ऑस्ट्रियात तर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात त्याहून कमी खोलीचा टायर हिवाळी मानलाच जात नाही.

शक्य असल्यास हिवाळी टायर वेगळ्या रिमवर कायमचे चढवून ठेवावेत. रंगवलेल्या साध्या मिश्रधातूच्या रिम घ्याव्यात, कारण क्रोम किंवा चकचकीत कातीव काम मिठापुढे टिकत नाही. दुसऱ्या संचात दाबाचे सेन्सर बसवून घ्यावेत. तापमान १० अंशांनी उतरले की टायरमधला दाब सुमारे ०.१ बारने घटतो, म्हणून हवा टायर थंड असतानाच तपासावी. नव्या टायरवर पहिले काहीशे किलोमीटर बेताने चालवावे, आणि चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरावीक जोर लावून नट आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळावेत. वसंतात टायर उतरवताना प्रत्येकावर तो कोणत्या बाजूचा, पुढचा की मागचा, हे खडूने लिहून, धुऊन, वाळवून अंधाऱ्या व थंड जागी ठेवावेत; रिमसह असतील तर आडवे रचून, रिमशिवाय असतील तर उभे.