लेकरू शांत निजलं म्हणून हुश्श करू नका

ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरला ब्राँकिओलायटिस (तान्ह्या बाळांच्या फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांची सूज) आणि तो बहुतेकदा घडवणारा आरएसव्ही विषाणू ठाऊक असतात. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० श्वास, पुढे वर्षापर्यंत ५० झाले की धाप धरायची, हेही पाठ असतं. आपण फसतो ते आकडा उतरतो तेव्हा.

संध्याकाळी ७० ने धापणारं, किरकिरणारं बाळ पहाटे ४५ वर येतं. आई म्हणते, "आता बरंय लेकराला, निजलंय." फाइलवर तसंच लिहावंसं वाटतं. आधी अंगडं वर करा. बरगड्यांखाली अजून खळगा पडतोय? श्वासागणिक मान हलतेय? घरघर कमी झाली, पण हवाही कमीच जातेय? मग ते बरं होत नाहीये, दमलंय. सुधारलेलं बाळ उठवलं की बघतं, ओढून पितं. दमलेलं दोन घोटांत सोडून देतं. ऑक्सिजन चालू असताना पल्स ऑक्सिमीटर ९५ दाखवतच राहील. आत कार्बन डायऑक्साइड साचतोय, हे त्याला कळत नाही.

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा, बाळ रडत नसताना. पंधरा सेकंदांची चौपट हा आळस आहे; तान्ही बाळं मध्येच थोडं थांबून श्वास घेतात, हिशोब चुकतो. दोन महिन्यांखालचं, त्यातही दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, तर धाप न लागताही श्वास थांबू शकतो. घरी निळं पडल्याचं आई सांगत असेल तर दाखल करा, समोर गुलाबी दिसलं तरी.

बहुतेक बाळं घरीच बरी होतात, घाबरू नका. पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब, धुरी-शेगडी बंद, एवढं पुरतं. सरसकट नेब्युलायझेशन, स्टेरॉइड, अँटिबायोटिक हे बहुतेकदा नातेवाइकांच्या समाधानासाठी असतं. सीनियर लावतात म्हणून लावू नका. त्यापेक्षा वॉर्डातल्या जुन्या सिस्टरांच्या मागे चार रात्री फिरा. दूध निम्म्यावर आलं तर दाखल करून नळीने द्या. शिरेतून पातळ सलाइन भरपूर सोडलं, तर सोडियम उतरून झटके येतात.

आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी चढतो. बीडकडचं कुटुंब ऊसतोडीला निघालं असेल, तर "परवा दाखवा" याला अर्थ नाही. पाचव्या दिवशी कुठे असाल, ते विचारा आणि धोक्याच्या खुणा कागदावर लिहून द्या.

मोठ्या रुग्णालयात, संभाजीनगरच्या घाटीला किंवा अंबाजोगाईला पाठवायचं ठरलं, तर १०८ रुग्णवाहिकेतल्या ऑक्सिजन सिलिंडरचा काटा स्वतः बघा. धापणाऱ्या बाळाला वाटेत तोंडाने पाजायचं नाही, हे आईबरोबर आजीलाही सांगा.