वांग्याची अळी: फवारा कमी, कात्री जास्त

जून-जुलैत लावलेल्या वांग्यात शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीची पहिली खूण ऑगस्टच्या सुमारास शेंड्यावर दिसते. एखादाच शेंडा मान टाकतो. दुपारी पाहणी करू नका, उन्हात धडधाकट शेंडेही लवतात. सकाळी लवकर सरीतून चाला. तेव्हाही शेंडा मलूल असेल आणि त्याखाली विष्ठेने भरलेलं बारीक छिद्र सापडलं, तर आत अळी आहे असं धरून चाला.

बहुतेक जण इथेच पंप पाठीवर घेतात. पण अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात शेंड्यात, कळीत किंवा फळात शिरते आणि मग बाहेरचं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. दुकानदाराने हलकं औषध दिलं असा बोल लावून पुढच्या आठवड्यात दुसरं, त्याहून जहाल औषध आणलं जातं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं अशी लागोपाठ मारली की मित्रकीटक मरतात, आणि लाल कोळी व पांढरी माशी वाढून खर्च दुप्पट होतो.

त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, जोर असेल तेव्हा दोनदा, कात्री घेऊन फिरा. मलूल शेंडा छिद्राच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली कापून पिशवीत टाका. झाड खुरटेल ही भीती नको, खालून बगलफुटी येतात. कापलेले शेंडे बांधावर टाकले तर मात्र सगळी मेहनत वाया, कारण अळी त्यातून निघून पालापाचोळ्यात कोष करते आणि आठवडा-दहा दिवसांत पतंग तुमच्याच प्लॉटवर येतो. तोड्यातल्या किडक्या वांग्यांचंही तेच. रोज मार्केटची गाडी गाठायच्या घाईत हा ढीग शेडच्या मागे राहतो आणि पुढची पिढी तिथेच तयार होते. दीड-दोन फूट खड्ड्यात पुरा, नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

हे काम एकट्याने केलं तर अर्धंच साधतं. शेजारच्या वांग्यातून पतंग येतच राहणार, म्हणून शिवारातल्या तीन-चार जणांनी मिळून करा.

कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, फक्त नर पतंग सापडतात. अंदाज घ्यायला एकरी चार-पाच सापळे पुरतात. पतंग धरून संख्या कमी करायची तर बरेच जास्त लागतात. सापळा पिकाच्या शेंड्याच्या किंचित वर टांगा आणि पीक वाढेल तसा वर घ्या. वांग्याच्या अळीची ल्युर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, वेगळी असते. टोमॅटोच्या फळ पोखरणाऱ्या अळीची इथे चालत नाही. पाकिटावरच्या मुदतीनंतर ती बदला.

पावसाच्या सुरुवातीला गोळा करून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्या आता कामी येतील. 5 किलो निंबोळ्या भरडून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा मिसळा आणि एकूण 100 लिटर करून संध्याकाळी फवारा. आतल्या अळीवर याचा उपयोग नाही, पण पतंगाला अंडी घालण्यापासून परावृत्त करायला होतो. रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर वांग्यासाठी शिफारस आहे का ते लेबलवर पाहा. आधी तोडा घ्या, मग फवारा, आणि फवारणीनंतर पुढच्या तोड्यापर्यंत थांबायचे लेबलवरचे दिवस पाळा.

शेतकऱ्यांच्या बैठकीत बीटी वांग्याचा, म्हणजे जनुक बदलून अळीला तोंड देणाऱ्या वांग्याचा, प्रश्न हमखास येतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2010 मध्ये त्याला स्थगिती दिली, तेव्हा त्या बियाण्यावर विसंबू नका.

युरियाचा हात आखडता ठेवा, लुसलुशीत फूट अळीला आवडते. भाव बरा आहे म्हणून थकलेल्या पिकाचा खोडवा ठेवायचा, म्हणजे तेच झाड छाटून पुन्हा फूट घ्यायचा, मोहही टाळा. उपटलेली झाडं सरपण म्हणून नव्या रोपवाटिकेशेजारी रचू नका. ढिगातल्या पाल्यात कोष असतात. ढीग लांब ठेवा किंवा प्लास्टिकच्या कागदाने पूर्ण झाका.