‘किंग लिअर’ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

पदवीच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ होतं. पहिल्या ट्यूटोरिअलमध्ये मी नाटकाच्या आशयसूत्रांवर चार पानं लिहिली. कृतघ्नता, सत्ता, आंधळेपणा, न्याय, वेड असे पाच मथळे आणि प्रत्येकाखाली एक परिच्छेद. वही परत आली तेव्हा पाचही मथळ्यांसमोर समासात बाईंनी एकच शब्द लिहिला होता : ‘कुठे?’ त्या रात्री नाटक उघडून बसले, तर एकाही मथळ्याखाली ठेवायला माझ्याकडे ओळ नव्हती. सगळं गाइडमधून आलेलं होतं.

म्हणून पहिलं सांगणं हे, की आशयसूत्र शोधायला निघूच नका. एक शब्द पकडा आणि तो नाटकभर कुठेकुठे जातो ते बघा.

मी ‘नथिंग’ पकडला. म्हातारा राजा तीन मुलींना विचारतो, तुमच्यापैकी कोणाचं माझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम आहे? ज्या मुलीचं जास्त, तिला राज्याचा मोठा वाटा. थोरल्या दोघी भरभरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, ‘नथिंग’. तिचं हे उत्तर धरून चार वाक्यांत हा शब्द पाच वेळा येतो आणि लिअर बजावतो की काही नाही यातून काहीच मिळणार नाही. लगेच दुसऱ्या प्रवेशात लिअरच्या दरबारातला उमराव ग्लॉस्टर आपल्या अनौरस मुलाला, एडमंडला विचारतो, काय वाचत होतास? उत्तर तेच : ‘नथिंग’. कॉर्डेलियाच्या तोंडी हा शब्द खरा होता, एडमंडच्या तोंडी तो सापळा आहे, कारण त्याने लपवलेलं पत्र खोटं आहे आणि ते भावाला, ग्लॉस्टरच्या औरस मुलाला एडगरला, अडकवायला लिहिलेलं आहे. दोन्ही बाप फसतात आणि एका शब्दाने दोन्ही कथानकं जोडली जातात. पुढे विदूषक लिअरला म्हणतो, तू मागे आकडा नसलेलं शून्य झाला आहेस. वेष पालटून पळताना एडगर म्हणतो, एडगर म्हणून मी आता कोणीच नाही. एवढं वहीत उतरवलं की ‘सत्ता गेल्यावर माणूस काय उरतो’ हा प्रश्न वेगळा लिहावा लागत नाही.

‘नटसम्राट’ आधी वाचलेलं किंवा पाहिलेलं असेल, तर लिअरही कृतघ्न मुलांची गोष्ट म्हणूनच वाचला जातो. माझं तसंच झालं. कृतघ्नता आहेच, पण पहिल्या प्रवेशात प्रेमाचं माप काढायला बसतो तो बाप. हे माप पुढे त्याच्यावरच उलटतं, आणि तेही आकड्यांत. लिअरने स्वतःसाठी शंभर सरदार ठेवले होते. थोरली गॉनेरिल पन्नास करते, मधली रीगन पंचवीसवर आणते. तेव्हा लिअर गॉनेरिलकडे वळून म्हणतो, तुझे पन्नास म्हणजे हिच्या पंचविसाच्या दुप्पट, म्हणजे तुझं प्रेमही हिच्या दुप्पट! अजूनही तो मोजतोच आहे. मग दहा, पाच, आणि शेवटी रीगन विचारते, एकाची तरी गरज काय? दुसऱ्या अंकाचा हा शेवट मोठ्याने वाचा. मला तो नाटकातला सगळ्यात क्रूर भाग वाटतो, डोळे काढण्याच्या प्रवेशाहूनही, कारण इथे कोणी हात उचलत नाही.

डोळ्यांचा धागा तर पहिल्या पानापासून आहे. गॉनेरिल बापाला सांगते, तुम्ही मला दृष्टीहून प्रिय आहात. तिसऱ्या अंकात ग्लॉस्टरचे डोळे काढा असं पहिल्यांदा म्हणते तीच. आणि हाच ग्लॉस्टर एडमंडचं पत्र मागताना म्हणाला होता, काहीच नसेल तर मला चष्मा लागायचा नाही. आंधळा झाल्यावर तो म्हणतो, दिसत होतं तेव्हाच मी ठेचकाळलो.

वादळाच्या प्रवेशात नवखे वाचक लिअरच्या गर्जनांवर थांबतात. तुम्ही थोडं पुढे जा. झोपडीत शिरण्याआधी तो उघड्यानागड्या गरिबांना उद्देशून बोलतो आणि कबूल करतो, की मी राजा असताना याकडे फार कमी लक्ष दिलं. थोड्याच वेळात तो अंगावरचे कपडे ओरबाडतो, ‘इथलं बटण काढा’ म्हणतो. हे बटण लक्षात ठेवा. शेवटच्या प्रवेशात, मेलेली कॉर्डेलिया जवळ असताना, तो पुन्हा बटण सोडायला सांगतो, पण या वेळी विनंती करून, आणि वर ‘थँक यू, सर’ म्हणतो. पहिल्या प्रवेशात नुसती फर्मानं सोडणारा हा माणूस आहे.

‘न्याय’ या सूत्राशी मात्र सांभाळून. दुष्ट मरतात म्हणून न्याय झाला असं लिहायचा मोह होतो. कॉर्डेलियाचं काय, हे कोणी विचारलं की उत्तर अडतं. हा शेवट पूर्वीच्या प्रेक्षकांनाही सोसला नव्हता. १६८१ मध्ये नाटककार नाहुम टेटने नाटक बदलून लिहिलं. त्यात लिअर जगतो आणि कॉर्डेलियाचं एडगरशी लग्न ठरतं. इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशे वर्षं मुख्यतः हेच रूप चाललं. न्याय मिळावा ही प्रेक्षकांची ओढ किती जबर होती, हे दाखवायला याहून चांगला दाखला नाही. उत्तरात जरूर वापरा.

आणखी एक, तुमच्या हातात कोणता पाठ आहे ते आधी पाहा. १६०८ चा क्वार्टो (एकट्या या नाटकाचं छोट्या आकाराचं पुस्तक) आणि १६२३ चा फोलिओ (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठा संग्रह) यांत फरक आहेत आणि आजच्या बऱ्याच आवृत्त्या दोन्ही मिसळून छापतात. फोलिओत लिअरचे शेवटचे शब्द कॉर्डेलियाच्या ओठांकडे बघून आहेत : दिसतंय का? तिच्याकडे बघा, तिचे ओठ, तिकडे बघा! क्वार्टोत ते नाहीत. ती श्वास घेते आहे असं त्याला खरंच वाटतं, की ती गेल्याचं कळूनही तो दाखवतो आहे? नाटकाच्या सुरुवातीला त्याच्या एकनिष्ठ उमरावाने, केंटने, त्याला नीट बघ म्हणून विनवलं होतं. शेवटी तो बघतो आहे, पण काय, ते नाटक सांगत नाही. दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. मी दुसऱ्या ट्यूटोरिअलमध्ये एवढ्या एका ओळीवरच तीन पानं लिहिली होती.