नदीकाठच्या शेतकऱ्याकडे जाताना

नदीचा काठ राखायला, म्हणजे काठालगत झाडा-गवताचा पट्टा सोडायला, शेतकऱ्याला तयार करायचं असेल तर पहिल्या भेटीत ‘पर्यावरण’ हा शब्द तोंडातून काढू नका. मी काढला होता. समोरच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मी लावलेली चाळीस रोपं पुढच्या नांगरटीत उलथून टाकली. राग आला. मग कळलं, रोपं लावली त्याच पट्ट्यात तो ट्रॅक्टर वळवायचा. मी ते विचारलंच नव्हतं.

तेव्हा आधी विचारा, आणि घरात बसून नाही, काठाने चालत विचारा. पूर ओसरल्यानंतरचे दिवस सगळ्यात चांगले. “तुमच्या वडिलांच्या वेळी काठ कुठवर होता?” एवढंच म्हणायचं आणि गप्प राहायचं. माणूस हात करून दाखवतो तो बहुतेक वेळा पाण्याच्या मधोमध. वाहून गेलेल्या जमिनीची सल त्याच्याकडे आधीपासूनच असते, ती तुम्ही नेऊन द्यावी लागत नाही.

मग खुंट्या ठोकायच्या. काठाच्या कडेपासून आतल्या बाजूला, दोन-दोन मीटरवर, ओळीने तीन. अंतर त्यालाच मोजू द्या, त्याच्याच वहीत लिहू द्या. पुढच्या पुरानंतर पुन्हा मोजायचं. तुमचा आकडा तो ऐकून सोडून देईल. स्वतः मोजलेला सोडत नाही.

बाटलीचा प्रयोगही करा. धो धो पावसात शेतातून नदीकडे उतरणारं पाणी बाटलीत भरायचं आणि रात्रभर हलवायचं नाही. एका बाईंनी सकाळी वरचं पाणी ओतून दिलं, तळचा गाळ बोटांत चोळला आणि म्हणाल्या, “अहो, हे तर माझं वावर.” फॉस्फरस मातीच्या बारीक कणांना चिकटलेला असतो, म्हणून माती गेली की विकत आणून टाकलेलं खतही तिच्यासोबत जातं. हे मी बाटली समोर असेल तरच सांगते, नाहीतर ते भाषण होतं.

जनावरांचा प्रश्न असेल तर कुंपणाची गोष्ट आधी काढू नका. आधी हौद, मग कुंपण. पाणी गोठ्याजवळ आलं, वासरू चिखलात रुतायचं थांबलं, की कुंपणाचं पटवून द्यावं लागत नाही. आणि नियम करायचाच झाला तर चालता चालता मोजता येईल असा करा. न्यूझीलंडमध्ये २००३ साली डेअरी उद्योग आणि सरकारी यंत्रणा यांच्यात करार झाला: ढांगेपेक्षा रुंद, घोट्यापेक्षा खोल आणि कायम वाहता असलेल्या ओढ्यात दुभती जनावरं शिरू द्यायची नाहीत. ढांग आणि घोटा! ना नकाशा लागतो, ना साहेब.

पैशाने काम होतं का? होतं, पण नेमकी अडचण कुठे आहे ते कळलं तरच. फ्रान्समध्ये व्हिटेलच्या झऱ्यांत शेतांतून झिरपणारं नायट्रेट वाढू लागलं तेव्हा बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीने आसपासच्या शेतकऱ्यांशी काही वर्षं बोलणी केली. मका सोडायचा, रासायनिक खतं-औषधं बंद, शेणाचं कंपोस्ट करायचं. बदल्यात नुसती भरपाई नव्हती. जमिनीपायी झालेल्या कर्जातून सुटका, कसायला जास्त जमीन, गोठ्याच्या सुधारणेला मदत, कंपोस्ट पसरायला मजूरसुद्धा. करार १८ ते ३० वर्षांचे. शेतकऱ्याला उद्याची खात्री हवी असते, आणि वर्षभराच्या अनुदानात ती नसते. अनुदान संपलं की झाडं तोडलेली मी पाहिली आहेत.

शेजाऱ्यांच्या नजरेचं काय, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. काठावर गवत-झुडपं माजली की बघणारा म्हणतो, ह्याला शेती झेपत नाही. नीटनेटक्या शेताचा अभिमान असलेल्या माणसाला हे फार लागतं. माझा उपाय साधा आहे: पट्ट्याची शेताकडची कड मीटरभर सरळ रेषेत कापून ठेवायला सांगायची. मग ते रान दिसत नाही, राखलेलं दिसतं. आणि पहिला पट्टा सगळ्यात हौशी शेतकऱ्याकडे नको. जाता-येता चारजण ज्याच्या शेताकडे बघतात, त्याच्याकडे करा.

मात्र नदीच्या वळणाचा बाहेरचा, खालून पोखरला जाणारा काठ पहिल्याच वर्षी हाती घेऊ नका. तिथे नुसती रोपं टिकत नाहीत, आणि ती वाहून गेली की “बघा, सांगितलं नव्हतं?” हे पुढची कितीतरी वर्षं ऐकावं लागतं.

सावलीने कडेचं पीक कमी येईल, उंदीर-घुशी वाढतील, या शंका खोडून काढत बसू नका. काही अंशी त्या खऱ्या असतात. झाडं पाण्यालगत लावून शेताच्या बाजूला फक्त गवत ठेवता येतं, तसं करा.

आणि रेघ त्याला ओढू द्या. रोपं उलथणाऱ्या त्या गृहस्थांकडे मी दुसऱ्या वर्षी पुन्हा गेले. या वेळी त्यांनी आधी ट्रॅक्टर वळवून दाखवला, मग चाकाच्या खुणेपलीकडे काठीने रेघ मारली. मी सहा मीटर मागितले होते, साडेतीन मिळाले. घेतले.